खुडूक कोंबडी: बसवायची की उठवायची?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत पशुसखीने केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या सख्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



बचत, हप्ता, कर्ज यावर मी आज बोलणार नाही. त्यासाठी बँकसखी ताई आहेत. माझा विषय कोंबडी, आणि त्यातही एकच गोष्ट: खुडूक कोंबडी. मेळघाटात कोंबडी नसलेलं घर शोधायला निघालात तर चपला झिजतील. कोरकू घरात तिला सिम म्हणतील, दुसऱ्या घरात कोंबडी म्हणतील, पण चार-पाच कोंबड्या, एखादा कोंबडा आणि पायात घुटमळणारी पिल्लं हे चित्र सगळीकडे सारखंच. आणि या कोंबडीचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो. बैल विकला तर त्याचा हिशेब घरधनी ठेवतो. कोंबडा विकला तर त्यातून लेकराची वही येते, परतवाड्याच्या दवाखान्याचं गाडीभाडं निघतं, कधी गटाचा हप्तासुद्धा निघतो. म्हणून कोंबडी खुडूक झाली की तिला अंड्यावर बसवायचं की उठवायचं, हा निर्णय तुम्ही हिशेब करून घ्यावा असं मला वाटतं.

आधी खुडूक म्हणजे काय ते पाहू. बऱ्याच बाया म्हणतात, "कोंबडी बिघडली, अंडं देईना, नुसती फुगून बसते." ती बिघडत नाही. गावरान कोंबडीनं दहा-पंधरा अंडी दिली की तिच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. बाईला बाळंतपणानंतर दूध येतं तेही याच संप्रेरकामुळं, म्हणजे कोंबडी आणि आपण काही फार लांबच्या नाही. ते वाढलं की अंडं देणं थांबतं आणि बसायची ओढ लागते. खूण ओळखायला सोपी आहे. पिसं फुलवून बसते, हात नेला की टोचते, कुक-कुक असा जाड आवाज काढते, तुरा फिका पडतो, चारा कमी खाते. पोटाखाली हात घालून बघा, तिथली पिसं गळून कातडी उघडी झालेली असते आणि चटका बसावा इतकी गरम लागते. दिवसातून एकदाच उठते आणि तेव्हा मोठी, घाण वासाची विष्ठा टाकते. तिला हगवण समजून औषध पाजू नका.

आता हिशेब. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते, तीही एकसारखी नाही, तीन-चार खेपांत. एक खेप संपली की खुडूक. मग २१ दिवस अंड्यावर, आणि त्यानंतर दीड-दोन महिने पिल्लांच्या मागे. म्हणजे एकदा बसवली की अडीच-तीन महिने तुम्हाला त्या कोंबडीचं अंडं मिळत नाही. समजा तुम्ही १२ अंडी ठेवली. अंडं दहा रुपयांनी धरलं तर ते १२० रुपये झाले. शिवाय कोंबडीला लवकर उठवली असती तर तिनं त्या काळात अजून एक खेप दिली असती, तिचेही शंभर-सव्वाशे धरा. म्हणजे बसवण्याचा खर्च अडीचशेच्या आसपास, आणि चारा वेगळा. बसवून नऊ पिल्लं निघाली, त्यातली सहा मोठी झाली आणि नग चारशेनं गेला तर २४०० रुपये. तीन जगली तर १२००. आणि घार, मुंगूस, पाऊस आणि मानमोडी यांनी मिळून सगळी खाल्ली तर शून्य, वरून अडीचशे बुडाले. भाव तुमच्या बाजाराप्रमाणे घाला, पण हिशेब असाच मांडा. अंडी किती फुटली यापेक्षा पिल्लं किती जगली यावर सगळं आहे. म्हणून मी सांगते, ज्या वेळी पिल्लं जगवता येणार नाहीत त्या वेळी कोंबडी बसवूच नका.

ती वेळ कोणती, हे आपल्या डोंगराकडं बघून ठरवायचं. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास उंच आहे. इथं कॉफी पिकते, यावरून हवा कशी ते समजून घ्या. जून ते सप्टेंबर धुकं, पाऊस, ओल. चार-पाच दिवस ऊन दिसत नाही. त्या दिवसांत निघालेलं पिल्लू आईच्या मागे ओल्या गवतात फिरतं, भिजतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गारठून पडलेलं असतं. पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, पाणी थोपवणारी पिसं यायला पाच-सहा आठवडे लागतात. म्हणून पावसात खुडूक झालेली कोंबडी मी उठवायलाच सांगते. ज्यांच्याकडे कोरडी पडवी आहे आणि महिनाभर पिल्लं आत ठेवायची तयारी आहे त्यांनी बसवावी. तशा घरांना फायदाही आहे, कारण भादव्यात बसवलेल्या अंड्यांचे कोंबडे होळीला विकायला तयार होतात. होळीला काय मागणी असते ते मी तुम्हाला काय सांगू! बाहेर कामाला गेलेली माणसं होळीला घरी येतात आणि पाहुण्याला डाळभात कोण वाढतं?

पण सगळ्यांत चांगला काळ म्हणाल तर आता, संक्रांतीनंतरचा. आता बसवलेली अंडी फेब्रुवारीत फुटतात. पुढं चार महिने कोरडे. पाऊस लागेपर्यंत पिल्लू चार महिन्यांचं होतं, अंगभर पिसं येतात, झाडाच्या फांदीवर उडून बसायला शिकतं. आखाडात त्याला गिऱ्हाईक मिळतं, नाही तर पोळ्याच्या करीला मिळतं. तलंगा घरी ठेवल्या तर पावसाळा संपता-संपता अंड्यावर येतात. खाली हरिसाल, धारणीकडच्या सख्यांनी मात्र मार्चनंतर जपून. तिकडं एप्रिल-मेचं ऊन वेगळं आहे. उन्हाळ्यात खोलीत ठेवलेलं अंडंसुद्धा आतल्या आत अर्धवट उबायला लागतं आणि मग कोंबडीखाली गेल्यावर मरतं. वरच्या गावांना हा त्रास कमी आहे.

आता अंडी निवडणं. इथं सगळ्यांत जास्त नुकसान होतं आणि त्याकडं कोणी बघत नाही. कोंबडी जिथं अंडी देते तिथंच सगळी साठू द्यायची आणि तिथंच तिला बसू द्यायची, ही आपली जुनी सवय. त्यात पहिलं अंडं वीस दिवसांचं झालेलं असतं. सात दिवसांपेक्षा जुनं अंडं फुटण्याची आशा दिवसागणिक कमी होते. उन्हाळ्यात तर चार-पाच दिवसांचंच घ्यावं. म्हणून रोज संध्याकाळी अंडं उचला, घरट्यात ओळखीसाठी एक ठेवा, त्यावर कोळशानं खूण करा. उचललेल्या अंड्यावर पेन्सिलीनं तारीख घाला. सुरुवातीची जुनी अंडी खा किंवा विका, शेवटच्या आठवड्यातली बसवायला ठेवा. अंडी उचलत राहिलं की कोंबडी खुडूक व्हायलाही थोडा उशीर लागतो, आणि दोन-चार अंडी जास्त मिळतात. ढीग दिसला की तिला बसावंसं वाटतं.

साठवायला फ्रिज लागत नाही. पसरट मडक्यात ओली रेती घाला, तिच्यावर कोरडी टोपली किंवा गाडगं बसवा, त्यात अंडी ठेवा आणि मडकं घराच्या गार कोपऱ्यात. अंड्याचा जाड बुडखा वर, निमुळतं टोक खाली. अंडं धुवू नका. धुतलं की वरचं संरक्षण जातं आणि घाण छिद्रांतून आत शिरते. घाण लागलेलं अंडं बसवूच नका, खायला घ्या. फार मोठं, फार लहान, वेडंवाकडं, तडकलेलं तेही बाजूला. दोन अंडी हलकेच एकमेकांवर टेकवून आवाज ऐका, तडा असेल तर बद्द वाजतं.

आणि कोंबडा आहे का ते आधी विचारा. कोंबड्याशिवाय कोंबडी अंडं देते, पण त्यातून पिल्लू निघत नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा पुरतो. तोच कोंबडा त्याच्याच पोरींवर तीन-तीन पिढ्या ठेवला की पिल्लं अशक्त निघतात. म्हणून दुसऱ्या पाड्यातल्या मैत्रिणीशी अंडी बदला. तुमची सहा तिला, तिची सहा तुम्हाला. यात पैसा लागत नाही.

किती अंडी ठेवायची? कोंबडीच्या पंखाखाली पूर्ण झाकली जातील तेवढी. मोठ्या कोंबडीला उन्हाळ्यात १२, थंडीत वरच्या गावांत ८-९ पुरे. हावरेपणानं १६ ठेवली की कडेची गार पडतात, कोंबडी ती आत ओढते, आतली बाहेर जातात, आणि असं करून सगळीच आळीपाळीनं गार होतात.

बसवायची जागा अंधारी, शांत, जमिनीपासून थोडी उंच आणि इतर कोंबड्यांच्या वाटेबाहेर हवी. जुनं घमेलं, फुटकं मडकं, बांबूची टोपली काहीही चालतं. तळाला चार बोटं रेती किंवा राख मिसळलेली माती घाला, मधे थोडा खोलगट भाग करा, वर सुकं गवत किंवा मऊ केलेलं कुटार. त्यात कडुनिंबाचा किंवा सीताफळाचा वाळलेला पाला चुरून टाका, उवा आणि लाल किडे कमी होतात. कोंबडीच्या पंखाखाली पिसं बाजूला करून बघा. किडे असतील तर बसवण्याआधी दोन दिवस तिला राखेत लोळू द्या. कपाशीवर फवारायचं औषध कोंबडीवर मारायचं नाही. ते अंड्याच्या छिद्रांतून आत जातं आणि कोंबडीही मरते. हे मी दरवेळी सांगते आणि दरवेळी कोणाच्या तरी घरी ते होतंच.

कोंबडी रात्री बसवा. दिवसा उचलून नव्या जागी ठेवली की ती जुन्या जागी पळते. रात्री अंधारात नवीन घरट्यात ठेवून वर डालं झाकलं की सकाळपर्यंत रमते. पहिले दोन दिवस खुणेची जुनी अंडी खाली ठेवा, ती ठाम बसली की मग रात्री चांगली अंडी सरकवा. दाणा आणि पाणी हात-दोन हातांवर ठेवा. ज्वारी, मका असा अख्खा दाणा चांगला. रोज एकदा पंधरा-वीस मिनिटं तिला उठू द्या. स्वतः उठली नाही तर दोन्ही हातांनी उचला, पण आधी पंखाखाली अंडं अडकलंय का ते चाचपून, नाही तर वर उचलताना पडून फुटतं.

बसवलेल्या अंड्यांवर कोळशाची रेघ ओढायला विसरू नका. दुसऱ्या कोंबड्या त्याच घरट्यात येऊन अंडं टाकतात. रेघ नसलेलं अंडं रोज संध्याकाळी काढून घ्या. नाही तर २१ व्या दिवशी पहिली पिल्लं निघतात, कोंबडी त्यांना घेऊन चालू लागते आणि मागे अर्धवट उबलेली चार अंडी पडून राहतात.

सातव्या रात्री अंडं उजेडासमोर धरून बघा. मोबाईलच्या टॉर्चवर मूठ धरून वर अंड्याचा जाड भाग टेकवा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसल्या तर जीव आहे. नुसतं पिवळसर, स्वच्छ दिसलं तर ते वांझ आहे, काढून टाका. उकडून कुस्करून पिल्लांना चारता येतं. तीन खुडूक कोंबड्या एकदम बसवल्या असतील आणि वांझ अंडी बरीच निघाली, तर उरलेली अंडी दोघींच्या खाली वाटून टाका आणि तिसरीला मोकळी करा. १८ व्या दिवसानंतर मात्र हात लावायचा नाही. काही जणी शेवटच्या दिवसांत अंडी कोमट पाण्यात सोडून हलतात का बघतात. मला ते पटत नाही. पिल्लू आत श्वास घ्यायला लागलेलं असतं, छिद्रातून पाणी गेलं की तिथंच संपतं.

आता बेचैन कोंबडी. बसते, उठते, फिरते, अंडी गार करते. बाया लगेच म्हणतात, "ही काही बसणारी नाही." पण कारण शोधा. पहिल्यांदाच बसणारी तलंग असेल तर तिला थोडी सवलत द्या, चारच अंडी ठेवून बघा. नेहमीची कोंबडी असेल तर आधी किडे बघा, रात्री टॉर्च घेऊन घरट्याच्या कडा बघा. लाल किडे दिवसा लपतात आणि रात्री रक्त पितात. मुंग्या बघा, एखादं अंडं फुटलं असेल तर त्यामागे मुंग्यांची रांग लागते. घरट्याच्या खाली दगडांवर पाणी भरलेल्या वाट्या ठेवल्या की मुंग्या चढत नाहीत. कुत्रं, मांजर, लेकरांचा गोंधळ, चुलीचा धूर, हेही कारण असतं. आणि दोन खुडूक कोंबड्या शेजारी-शेजारी असतील तर त्या एकमेकींची अंडी ओढतात, भांडतात, फोडतात. मधे पोतं बांधा किंवा वेगळ्या खोलीत ठेवा.

कधी कोंबडी रात्री अचानक उठून ओरडते आणि सकाळी अंडी कमी झालेली असतात. तेव्हा तिला दोष देऊ नका. साप, मुंगूस, उदमांजर यांपैकी कोणी तरी येऊन गेलं असतं. खुराड्याला बोटाएवढीसुद्धा फट नको, जाळी बारीक हवी, आणि दार रोज रात्री कडी लावून बंद. सापळा किंवा विष ठेवू नका, हे जंगल १९७३-७४ पासून वाघाचं राखीव आहे, मुंगसासाठी ठेवलेलं विष भलत्याच जनावराच्या पोटात गेलं तर वनखात्याची केस घरावर येईल. आणि ते विष आपलं लेकरूही उचलू शकतं.

आता उठवण्याची गोष्ट. कोणती कोंबडी उठवायची? पावसात खुडूक झालेली, हडकलेली, नुकतीच आजारातून उठलेली, दोनदा अंडी टाकून गेलेली, आणि घरात कोंबडा नसेल ती. आपल्याकडे काय-काय उपाय करतात ते मला माहीत आहे. नाकात पीस घालतात, पाण्यात बुचकळतात, पाय बांधून टाकतात, उपाशी ठेवतात. चिखलदऱ्याच्या थंडीत भिजवलेली कोंबडी आजारी पडते. उपाशी ठेवलेली खुडूकपण सोडते, पण अंगात ताकद नसल्यानं महिनाभर अंडंही देत नाही. मग उठवून मिळवलं काय?

सोपा उपाय असा. तिचं पोट गरम राहतं म्हणून ओढ टिकते. ते गार करा. बांबूच्या कामट्यांचा तळ असलेला पिंजरा घ्या, कामट्यांत बोटभर अंतर हवं. तो चार दगडांवर किंवा खाटेसारखा उंच ठेवा म्हणजे खालून हवा लागेल. आत गवत, पोतं, टोपली काही नको. उजेडात ठेवा, इतर कोंबड्या दिसतील असा. दाणा-पाणी पोटभर द्या. तीन-चार दिवसांत ती उठून फिरू लागते. सोडल्यावर पुन्हा घरट्याकडं धावली तर अजून दोन दिवस. खुडूक झाल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी हे केलं तर लवकर जमतं, आठ दिवस बसू देऊन मग केलं तर वेळ लागतो. पुढं आठ-पंधरा दिवसांत, कधी थोडं उशिरा, अंडं सुरू होतं. एक पिंजरा पूर्ण गटाला पुरतो, प्रत्येकीनं करायची गरज नाही.

काही सख्यांकडे वनराजा, गिरिराज या सुधारित कोंबड्या आहेत. गिरिराज बंगळूरची, वनराजा हैदराबादच्या संशोधन केंद्रातली. त्या वर्षाला शंभराच्या वर अंडी देतात, कारण निवड करता-करता त्यांची खुडूक व्हायची सवयच जवळजवळ घालवली आहे. झाबुआकडचा कडकनाथही नीट बसत नाही. म्हणजे ही अंडी उबवायला शेवटी आपली गावरानच लागते. बाजारात तिला कोणी नावं ठेवली तरी एवढं काम तिच्याशिवाय होत नाही. मात्र वनराजासारख्या संकरित कोंबडीच्या अंड्यातून निघालेली पिल्लं आईइतकं अंडं देत नाहीत, हे धरूनच बसवा. एक दिवसाची पिल्लं विकत आणली असतील तर तीही खुडूक कोंबडीला देता येतात. ती किमान दोन आठवडे ठाम बसलेली हवी. रात्री अंधारात अंडी काढून एक-एक पिल्लू पोटाखाली सरकवा. पहाटे ती त्यांना आपलीच समजते. दिवसा दिलं तर टोचून मारते.

आता ज्यासाठी मी खरं तर आज वेळ मागून घेतली तो मुद्दा. आपल्या पिल्लांना सगळ्यांत जास्त मारते ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. तिच्यावर औषध नाही, लस आहे. पहिली लस, लासोटा किंवा एफ-वन, पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. आठव्या आठवड्यात दुसरी, आर-टू-बी, पंखाखाली टोचून. लस स्वस्त आहे. अडचण वेगळीच आहे. बाटली १०० पिल्लांची येते, बर्फात आणावी लागते, आणि एकदा पाणी घालून फोडली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. तुमच्या घरी आठ पिल्लं, तुमच्या शेजारणीची पंधरा दिवसांनी निघणार, तिसरीची महिन्यानं. आठ पिल्लांसाठी बाटली फोडायची आणि ९२ थेंब फेकायचे? म्हणून कोणीच आणत नाही, आणि मान वाकडी झाली की देवाला नवस.

यावर उपाय आपल्याच हातात आहे. एका पाड्यातल्या आठ-दहा जणींनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवायच्या. खुडूक कोंबडीला खुणेच्या जुन्या अंड्यांवर सात-आठ दिवस बसवून ठेवता येतं, ती काही मोजत नाही. त्या काळात दुसऱ्या जणींच्याही खुडूक होतात. मग एक दिवस ठरवून रात्री सगळ्यांनी चांगली अंडी ठेवायची. २१ दिवसांनी सत्तर-ऐंशी पिल्लं एकाच दिवशी निघतात आणि एका बाटलीत सगळ्यांचं काम होतं. पशुसखीला थर्मास घेऊन एकच फेरी मारावी लागते. विकायला काढतानाही सगळे कोंबडे एका वयाचे, व्यापारी गावात येतो, तुम्हाला एक-एक कोंबडा काखेत घेऊन बाजाराला जावं लागत नाही.

यात एक अडचण आहे, आणि ती आधीच सांगते. सगळ्यांच्या कोंबड्या एकदम बसल्या तर गावात अंडं मिळणार नाही. अंगणवाडीत अमृत आहार योजनेत लहान लेकरांना अंडी देतात, काही गट ती अंडी पुरवतात, आणि आपल्या घरातल्या लेकरालाही अंडं लागतं. म्हणून गावाचे दोन भाग करा. अर्ध्या घरांनी आता बसवायच्या, अर्ध्यांनी उठवून अंडी चालू ठेवायची, पुढच्या खेपेला उलट. कोणत्या घरांनी आधी, यावरून भांडण होईल, मला माहीत आहे. ज्यांना होळीनंतर कामासाठी बाहेर जायचं आहे त्यांनी या खेपेला बसवू नये, कारण पिल्लं सोडून कुठं जाणार? तरीही बसवायची असेल तर शेजारणीला बटईनं द्या आणि पिल्लं निघायच्या आधीच गटाच्या वहीत लिहून ठेवा की किती तिची, किती तुमची. तोंडी ठरलेल्या बटईचं काय होतं ते शेळ्यांच्या बाबतीत आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पिल्लं निघाल्यावरचं थोडक्यात. पहिला दिवसभर त्यांना खायला लागत नाही, पोटात बलक असतो. कोंबडीला ओढून उठवू नका. मग कुटकीच्या, ज्वारीच्या किंवा तांदळाच्या बारीक कण्या. पाणी उथळ ताटलीत, त्यात खडे घालून, म्हणजे पिल्लू बुडत नाही. पहिले दोन-तीन आठवडे आई डाल्याखाली, पिल्लं तिच्या आसपास. आई लांब गेली की पिल्लू तिच्या मागे दमतं आणि घारीला सापडतं. दुसरं एक डालं असं ठेवा की त्याच्या फटीतून फक्त पिल्लू आत जाईल. चारा त्यात टाका, मोठ्या कोंबड्या खाऊन टाकणार नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा उधई द्या. मडक्यात ओलं शेण आणि पोत्याचे तुकडे भरून वारुळाशी पालथं ठेवलं की सकाळपर्यंत उधई भरते. पिल्लं त्यावर तुटून पडतात, आणि असा फुकटचा सकस चारा दुसरा नाही.

आता ज्यांच्या कोंबड्या खुडूक आहेत त्यांनी आज जाताना माझ्याकडे नाव, पाड्याचं नाव आणि किती कोंबड्या ते सांगा. ज्यांनी आधीच अंडी ठेवली आहेत त्यांनी बसवल्याची तारीख सांगा. ग्रामसंघाच्या वहीत मी त्या तारखेपुढं २१ दिवस आणि त्याच्यापुढं ६ दिवस मोजून लसीचा दिवस लिहीन. ज्या पाड्यात साठच्या वर पिल्लं होतील तिथं मी येईन. त्यापेक्षा कमी असतील तर शेजारच्या पाड्यातली पिल्लं टोपलीत घालून सकाळी नऊच्या आत एका जागी आणावी लागतील, कारण बर्फ तोवरच टिकतो.